फुली, यास काही जण गुणिले म्हणतात

टॉवर सी, ११०४, गुरुग्राम
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

पद्मादादा,

मी, अहिल्या, वय एक्कावन्न, सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरणारी, लिफ्टमध्ये दुसऱ्याला आधी बाहेर पडू देणारी आणि आजवर एकाही टोलनाक्यावर वाद न घातलेली एक बाई, अत्यंत खेदाने नमूद करते की रविवार दि. १७ रोजी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या क्लबहाउसमध्ये, साठ-सत्तर माणसं आणि पनीर पकोड्यांचा एक काउंटर यांच्या साक्षीने, माझा आतेभाऊ असून तू "क्रॉस" असं ओरडलास.

फुली म्हणायचं होतं.

हे पत्र स्पीड पोस्टाने येतंय, कारण तुझा नंबर मी रविवारीच ब्लॉक केला आणि सोमवारी लक्षात आलं की आता बोल लावायलाही रस्ता उरला नाही. ब्लॉक काढणं माझ्या स्वभावात बसत नाही. आमच्या सेक्टरात पोस्ट ऑफिस शोधायला मला पाऊण तास लागला. दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, "पोस्ट ऑफिस मतलब कूरियर?" तेही तुझ्याच खात्यावर लिहून ठेवलंय.

आता तुला ठाऊक असलेल्या गोष्टी मुद्दाम लिहिते, कारण त्या तू विसरलेला दिसतोस. आपला व्हिडिओ गेम जोडीचा आहे. दोघांनी एकाच क्षणी एकच बटण दाबलं तर समोरच्याला दुप्पट मार बसतो. म्हणून एकाला बटणाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं आणि ते समोरच्या जोडीलाही ऐकू जातं. म्हणून तर आपण आपली नावं ठेवली. चौकोनाला पाट, गोळ्याला भोपळा, त्रिकोणाला पाचर. या हरियाणात पाचर कोणाला कळणार? ही तिन्ही नावं दहा मिनिटांत ठरली. चौथ्या बटणावर मात्र आपण जे भांडलो ते तुझ्या मंत्रालयातही कधी झालं नसेल. दोन तिरक्या रेघा. मी म्हटलं फुली. तू म्हणालास गुणिले. "गुणिले" हा शब्द तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत पडद्यावरच्या माणसाचं बारावं उरकतं, हे मी तुला प्रयोग करून दाखवलं. मयुरा तेव्हा शाळेत होती, सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, एक्स बोलो ना, खतम करो." शेवटी फुली ठरली. तू लेखी मान्य केलंस. तू सगळंच लेखी करतोस.

आणि अंतिम फेरीत "क्रॉस". इंग्रजीत. सहनी बापलेकांच्या समोर. त्यांनी ढाल वर केली आणि आपण दोघं सुपातल्या दाण्यांसारखे उडालो. त्यांना एअर फ्रायर मिळाला. आपल्याला दिवाळीतून उरलेल्या सुक्या मेव्याची परडी, ज्यात बदाम कमी आणि रंगीत गवत जास्त आहे.

तुझ्या मुलीने मात्र जाता जाता मला मिठी मारली आणि "थँक यू आत्या" म्हणाली. कशाबद्दल ते कळलं नाही. हरल्याबद्दल असावं.

तर मुद्दा असा. उपविजेते म्हणून जानेवारीतल्या नोएडाच्या स्पर्धेला आपण पात्र आहोत. फॉर्म पंधरा डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे. माझं नाव लिहून झालंय. जोडीदाराचा रकाना रिकामा आहे. तो भरायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

अहिल्या


सेक्टर १५, फरीदाबाद
शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

चि. अहिल्या हिस पद्माकरचे आशीर्वाद.

तुझे दि. १९ चे पत्र काल मिळाले. विलंब पोस्टाचा, माझा नाही.

मुद्दा पहिला, "क्रॉस" या शब्दाचा. कंट्रोलरच्या खोक्यात जी पुस्तिका येते तिच्यात त्या चिन्हाला क्रॉस असेच म्हटले आहे. मी ती जपून ठेवली आहे. तेव्हा मी जे उच्चारले ते अधिकृत नाव होते. अनधिकृत शब्द न वापरल्याबद्दल माझ्यावर ठपका येत असेल तर तो मी नम्रपणे स्वीकारतो.

मुद्दा दुसरा. फुली हे नाव मला कधीच पटले नव्हते, हे तुला माहीत आहे. फुली म्हणजे चूक. आपटे मास्तर वहीवर जी मारायचे ती फुली. जे बटण दाबले की आपला माणूस उडी मारून जीवही वाचवतो आणि वारही करतो, त्याला चुकीचे चिन्ह म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गुणिले म्हणजे वाढ. परंतु एकदा ठरले म्हटल्यावर सहा वर्षे मी फुलीच म्हणत आलो, हे तू विसरू नयेस.

मुद्दा तिसरा, रविवारचा. पकोड्यांचा धूर, तो माइकवरचा मनुष्य, आणि हवेची स्थिती, माझ्या घशात सकाळपासून खवखव होती. जीभ घसरली. यापलीकडे काही कारण नाही. बिल्कुल नाही. साधना म्हणते की एका शब्दावरून इतके कोणी रागावत नाही, तेव्हा तू आतून दुसऱ्या कशावर तरी रागावली असशील. मी तिला म्हटले, तू अहिल्येला ओळखत नाहीस, ती शब्दावरूनच रागावते.

आज शनिवार. साडेतीनला सवयीने बूट घातले, मग काढले. सहा वर्षांत मेट्रो बंद होती तेवढे दिवस सोडले तर मी एकही शनिवार चुकवलेला नाही, याची नोंद घ्यावी.

रकान्यात माझे नाव लिही. पूर्ण लिही, पी. व्ही. असे नको, मागच्या वेळी प्रमाणपत्रावर घोळ झाला होता.

पद्माकर

ता. क. बदाम कमी होते हे खरे, पण अंजीर चांगले होते.


टॉवर सी, गुरुग्राम
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

पद्मादादा,

काल सकाळी लिफ्टमध्ये सहनी भेटले. बी टॉवरचे असून आमच्या लिफ्टमध्ये कसे, असं मी विचारणार होते, तर त्यांच्या हातात एअर फ्रायरमध्ये केलेली आलू टिक्की होती, शेजाऱ्यांना वाटत हिंडत होते. मला दोन दिल्या. म्हणाले, "मैडम जी, बुरा मत मानना, मुकाबला टक्कर का था. पर आपकी फुली ने हमें बड़ा रुलाया. चार दिन रट्टा मारा है राघव ने और मैंने, नाश्ते पे, गाड़ी में. पाचर तो मेरी बीवी को भी याद हो गया."

मी विचारलं, "आपको किसने बताया?"

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मोबाइलच्या कव्हरमागून एक घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "ये लो जी, अब तो काम का नहीं. यादगार रख लो."

तो कागद माझ्यासमोर आहे. अक्षर कोणाचं हे ओळखायला मला चष्मा लागला नाही. नक्कल करून पाठवते, फाइलला लाव.

"विषय : बटणांची नावे.
१) चौकोन – पाट.
२) वर्तुळ – भोपळा.
३) त्रिकोण – पाचर.
४) ✕ – फुली. टीप : यास काही जण गुणिले असेही म्हणतात, व तेच अधिक योग्य होय."

काही जण. ते काही जण म्हणजे कोण, दादा? जगात त्याला गुणिले म्हणणारा एकच माणूस आहे आणि तो फरीदाबादच्या सेक्टर पंधरात राहतो. किल्ल्याची चावी शत्रूच्या हातात देताना सुद्धा कुलपाच्या नावावरचा मतभेद नोंदवल्याशिवाय तुला राहवलं नाही.

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. टिक्की हातात धरून मी अकराव्या मजल्यापर्यंत हसत गेले. दार उघडलं आणि कागद पुन्हा वाचायला बसले.

तुला ही गंमत वाटत असेल. एका सोसायटीतला खेळ, चार बटणं, एक एअर फ्रायर. म्हणून लिहावं लागतंय, जे आपण दोघं कधी बोललो नाही.

यतीन संसार मोडून घर सोडून गेला त्या हिवाळ्यात मी कोणाशी बोलत नव्हते. ऑफिसात मेल लिहायचे, घरी येऊन गप्प बसायचे. तू दुसऱ्याच शनिवारी मयुराचा जुना खेळ पिशवीत घालून दोन मेट्रो बदलून आलास. विचारपूस नाही, समजूत नाही. माझ्या हातात कंट्रोलर दिलास आणि म्हणालास, "हे दाब." त्या तीन महिन्यांत मी तोंडाने मोजून चार शब्द बोलत होते. पाट, भोपळा, पाचर, आणि चौथा ज्यावर आपलं जमेना. गुणिले की फुली यावरून मी तुझ्यावर खेकसले, तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन साधनावहिनीला फोन केलास, "भांडली गं, आज भांडली." मी ऐकलं होतं.

आणि त्याच दिवशी जाताना दारात म्हणालास, "यतीन तुझ्याशी सात वर्षं खोटं बोलला. एक माणूस तुझ्याशी खोटं बोलणार नाही, एवढी हमी मी देतो. लेखी हवी तर लेखी."

मी लेखी मागितली नाही. चूक झाली.

ते शब्द खेळातले नव्हते. तुला हे ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. आणि तू ते क्रमांक घालून कागदावर लिहून दिलेस, आणि मग त्यांच्यासमोर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलास, आणि मग मला लिहिलंस, घशाची खवखव.

दोन प्रश्न. का दिलेस? आणि देऊन टाकले होतेच, तर मग "क्रॉस" कशासाठी?

अहिल्या


फरीदाबाद
४ डिसेंबर २०२४

अहिल्या,

आठवडाभर मसुदे केले. सात झाले. सगळ्यांत "उपरोक्त" हा शब्द होता, म्हणून फाडले. आता सरळ लिहितो.

मागच्या पत्रात मी खोटे लिहिले. खवखव नव्हती.

का दिले ते सांगतो. स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी जेवण झाल्यावर मयुरा माझ्यासमोर येऊन बसली. हातात वही आणि पेन. म्हणाली, "बाबा, फुली म्हणजे काय?" मराठीत.

तुला मुलं नाहीत, म्हणून तुला कळणार नाही असे मी म्हणणार नाही, कारण तुला कळेल. ती पाचवीत गेल्यापासून मी मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. भांडतानाही हिंदीत, माफी मागतानाही हिंदीत. गेल्या कित्येक वर्षांत तिने मला मराठीत विचारलेला एकच प्रश्न म्हणजे "भात आहे का". मी साधनाला म्हणायचो, जाऊ दे, आपल्याबरोबर संपेल. आणि ती वही घेऊन बसली.

कशासाठी हवंय हे तिने पहिल्याच मिनिटाला सांगितले. राघव सहनी तिच्या ऑफिसातला मित्र आहे, त्याने तिला विचारले होते. तिने लपवले नाही. मला तिथे थांबता आले असते. "ते अहिल्याआत्याचं आहे, सांगता येणार नाही" इतकेच म्हणायचे होते. मी म्हटले नाही, कारण म्हटले असते तर ती वही मिटून उठली असती.

पाट सांगितला. ती म्हणाली, त्यावर काय करतात. मी म्हटले बसतात, जेवतात, मुंजीत बसवतात. मग चौरंग कसा वेगळा. मग ताम्हन. एका बटणावरून आम्ही दीड तास बोलत होतो. मंगळवारी भोपळा. बुधवारी पुन्हा आली. चार संध्याकाळी. गुरुवारी म्हणाली, "एका कागदावर नीट लिहून द्या ना, राघवला माझं अक्षर कळत नाही." मी लिहून दिले. टीपेबद्दल मला काही सांगायचे नाही. ती माझ्या हाताने आपोआप लिहिली.

दुसरा प्रश्न. अंतिम फेरीत मी नाव उच्चारले की समोर राघवची मान हलायची, बोटाएवढी. तू पडद्याकडे बघत होतीस. मी त्याच्याकडे बघत होतो. मी म्हणायचो आणि तू विश्वासाने दाबायचीस आणि ते तयार असायचे. तीनदा झाले. चौथ्यांदा फुलीचीच वेळ होती आणि माझ्याने तो शब्द म्हणवेना. काहीतरी म्हणायला हवे होते, म्हणून जे आले ते म्हणालो. हरणार होतोच. निदान त्या शब्दाने नको, असे वाटले असावे. तेव्हा इतका विचार केला होता असे म्हणणार नाही.

मयुराला दोष देऊ नकोस. तिने विचारले, मी सांगितले, एवढीच गोष्ट आहे. याहून लपवलेले काही नाही.

रकान्याबद्दल विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे. तरी पंधरा तारखेपर्यंत वाट पाहीन.

पद्माकर


फरीदाबाद
7 दिसंबर 2024

प्रिय अहिल्या आत्या,

नमस्ते. हे लेटर मी स्वतः लिहिलं आहे, बाबांनी चेक नाही केलं. चुका असतील तर फुली मारा. (जोक.)

मी तुम्हाला "तुम्ही" लिहीत आहे. बोलताना तू म्हणते पण लिहिताना हात थांबतो, इथे कोणी आत्याला तू नाही म्हणत.

आत्या, बाबा ठीक नाहीत. मागच्या दोन शनिवारी ते शूज घालून बसतात आणि मग काढतात. आई विचारते तर म्हणतात, पाय थंड पडलेत. मी पूछा की आत्याबरोबर काही झालं का, तर म्हणाले की ती हरली म्हणून अपसेट आहे. पण मला हे लॉजिकल नाही वाटलं, कारण तुम्हीच तर हां म्हटलं होतं.

मी जेव्हा बाबांना नावं विचारली तेव्हा पहिल्यांदा मीच म्हटलं की आत्याला बुरा नाही ना वाटणार, ही तुमची दोघांची सीक्रेट आहे. बाबा म्हणाले, मी अहिल्येला फोन केला होता, ती म्हणाली खुशाल सांग, तेवढाच खेळ बरोबरीचा होईल. मला खूप छान वाटलं. मला वाटलं माझी आत्या किती मोठ्या दिलाची आहे. म्हणून तर मी क्लबहाउसमध्ये तुम्हाला थँक यू म्हटलं. तुम्ही अशा बघत होता की जसं तुम्हाला कळलंच नाही. शायद आवाज होता खूप.

जर तुम्ही हां म्हणून नंतर रागावला असाल तर ते पण चालेल, मला पण असं होतं. पण मग माझ्यावर रागवा. आणि राघव फक्त फ्रेंड आहे, तुम्ही लोक काहीतरी और समजाल म्हणून लिहिते.

अजून एक. बाबांनी चार दिवस शिकवलं, मग बंद केलं. मी वहीत विचारायचं लिहून ठेवलं आहे. पाचर हे ट्रायंगलचं नाव आहे ते समजलं, पण पाचर खरंच काय असते? खायची वस्तू आहे का? बाबांना विचारलं तर म्हणाले उद्या सांगतो. तो उद्या अजून आला नाही.

तुमची,
मयुरा


टॉवर सी, गुरुग्राम
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

प्रिय मयुरा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. फुल्या कमी निघाल्या. तारीख हिंदीत पडलीय आणि "मी पूछा" असं आपण म्हणत नाही, "मी विचारलं" म्हणतो. बाकी माझ्या ऑफिसातल्या पुण्याहून आलेल्या पोरांपेक्षा तू बरी लिहितेस.

हो. तुझ्या बाबांनी मला फोन केला होता. मी हो म्हटलं होतं.

क्लबहाउसमध्ये आवाज फार होता, म्हणून मला तू काय म्हणालीस ते नीट कळलं नाही. मी रागावले आहे ते आमच्या दोघांतल्या एका जुन्या गोष्टीवरून. तिचा तुझ्याशी, शब्दांशी किंवा राघवशी संबंध नाही. भावा-बहिणींचं असं होतं. तुला भाऊ नाही म्हणून सुटलीस.

पाचर खात नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की त्याच्या फटीत लाकडाचा तिकोनी तुकडा ठोकतात, म्हणजे दांडा घट्ट बसतो. ती पाचर. दरवाजा हलू नये म्हणून खाली सरकवतात तीही. याहून जास्त तुझ्या बाबांना माहीत आहे. त्यांना सांग, आत्याने विचारायला सांगितलंय, आणि उद्या म्हणाले तर उठू नकोस, वही उघडी ठेवून बसून राहा.

शब्द त्यांच्याकडूनच घे. माझ्याकडे एवढ्यात येऊ नकोस, शनिवारी मी हल्ली घरी नसते.

आत्या


गुरुग्राम
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

पद्माकरदादा,

मयुराचं पत्र आलं होतं. तुला न सांगता लिहिलंय, तेव्हा तुला ते ठाऊक नाही असं समजून चाल.

तुझं चार तारखेचं पत्र वाचून मला रडू आलं होतं. वहीचं वाचून. ती वही घेऊन समोर बसली आणि तू नाही म्हणू शकला नाहीस, हे मला समजत होतं. तुझ्या जागी मीही ताम्हनापर्यंत गेले असते. त्या दिवशी रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. पूर्ण, पी. व्ही. नाही. पेन्सिलने लिहिलं होतं, ते बरं झालं.

तू लिहिलंस, याहून लपवलेलं काही नाही. आणि तिला सांगितलं होतंस की अहिल्येला फोन केला, ती खुशाल सांग म्हणाली. पोरीने स्वतः विचारलं होतं, आत्याला वाईट वाटणार नाही ना. माझ्याबद्दल त्या घरात एकाच माणसाने विचार केला, आणि त्या माणसाला तू माझ्याच नावाने गप्प केलंस. शब्द दिलेस ते एक वेळ ठीक. पण मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलंस. यतीननेही इतकं केलं नव्हतं, तो निदान स्वतःचंच खोटं बोलायचा.

आणि मग कबुलीजबाब लिहिलास, इतका सुंदर, आणि त्यातून हे एवढं वगळलंस. सात मसुदे केलेस म्हणतोस. त्यातल्या एकात तरी ते होतं का?

मी तिला लिहिलं आहे की हो, तू फोन केला होतास, मी हो म्हटलं होतं. घरी हाच विषय निघाला तर तुझंही हेच उत्तर राहील. हे तुझ्यासाठी नाही. ती तुझ्याकडून शब्द घेते आहे. बाप खोटं बोलला हे कळलं तर ती शब्दही परत करील, आणि मग त्या चार संध्याकाळींसाठी जे मोडलं ते उगाच मोडलं असं होईल. उगाच मोडलेलं मला परवडत नाही. तेव्हा वही उघडून बसली की शिकव. पाचर मी सांगितली आहे, पुढचं तू बघ.

फॉर्म पाठवलेला नाही. चौकशी केली, जोडीदाराचं नाव नसेल तर घेत नाहीत. तळमजल्यावरची क्षिप्रा तयार होती, इंदूरची आहे, चांगली खेळते. पण त्या बटणाला काय म्हणायचं हे कोणाशी पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं, एवढं बळ मला नाही.

आता एकच राहिलं, ते लिहून संपवते.

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत मी बँकेच्या परीक्षेला म्हणून पुण्याहून इकडे तुमच्या सरकारी क्वार्टरवर आले होते. परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर गेले नाही. यतीनबरोबर गाडीत बसून पानिपतला गेले, त्याच्या मित्राचा चादरींचा कारखाना बघायला. मराठी माणसाने पानिपतला जाऊन शहाणपण घेऊन परतल्याचं उदाहरण नाही, मीही नाही परतले. संध्याकाळी बाबांचा एसटीडी आला तेव्हा मी अजून वाटेत होते. फोन तू घेतलास. म्हणालास, "मामा, मी स्वतः केंद्रावर सोडलं तिला. पेपर बरा गेला म्हणाली, आता झोपलीय." कोणी सांगितलं नव्हतं तुला. मला नंतर बोललाही नाहीस. मला बाबांकडूनच कळलं.

निकालाच्या यादीत त्यांनी माझा नंबर दोनदा शोधला. मग पेपर मिटून आईला म्हणाले, "असो. पोरीने प्रयत्न तर केला." ते शेवटपर्यंत हेच धरून होते. मी कधी दुरुस्त केलं नाही, आणि तुझं ते देणंही कधी दिलं नाही.

तू माझ्या वडिलांशी माझ्यासाठी बोललास. काल मी तुझ्या मुलीशी तुझ्यासाठी बोलले. फिटलं.

या पत्राची पोच नको.

अहिल्या